उळजणी

८ जानेवारी

बोबडे,

वर काहीतरी रीतसर लिहायला घेतलं होतं, पण त्यातलं तुला आता काय लागू पडतं ते मला ठाऊक नाही, म्हणून खोडलं. ही हाक चालेल. ती ऐकली की तू चिडायचीस, तेव्हा पत्र तुझ्याच हाती पडलंय एवढं तरी कळेल.

तू कुठे राहतेस ते माहीत नाही. तुझा जुना नंबर आता एका टायरच्या दुकानवाल्याकडे गेलाय. मी अधूनमधून लावते. मागच्या वेळी तो म्हणाला, "काकू, मुलगी सापडली की मलाही कळवा, जिवाला घोर लागलाय." भला माणूस आहे. हे पत्र कोर्सवाल्या कंपनीच्या पत्त्यावर टाकते आहे. पाकिटावर लिहिलंय, "ज्या ताई धडे वाचतात त्यांना द्यावे." पोस्टातली बाई पाकीट उलटंसुलटं करून म्हणाली, "नाव?" मी म्हटलं, नाव बदललं असेल तर? तिने शिक्का मारला.

आता कोर्सचं सांगते. मी अजून तिथेच आहे, हॉस्पिटलच्या तळघरात. ऑपरेशनची हत्यारं वरून येतात, ती धुवायची, तपासायची, कापडात बांधायची आणि वाफेच्या यंत्रात घालायची. यंत्र नवीन आलं आणि मागोमाग हुकूम आला, की विभागातल्या सगळ्यांनी मोबाइलवरचा कोर्स करायचा. शेवटी परीक्षा. जो नापास होईल त्याची रवानगी लॉन्ड्रीत. इन्चार्ज सिस्टर म्हणाली, "मावशी, एवढं काय, घरबसल्या करायचाय." मी म्हटलं, "मला घरी बसलेली एकदा बघा आणि मग सांगा."

पहिला धडा हत्यारांचा नाहीच. अभ्यास कसा करावा याचा आहे. मी फोन नळामागे उभा करून भांडी घासत होते. कोणी बाई बोलत होती, रोज एकच वेळ ठरवा, एकच जागा ठरवा, थोडं थोडं करा पण रोज करा. आवाज ओळखीचा वाटला. पण ओळखीचे आवाज मला हल्ली फार ऐकू येतात, म्हणून लक्ष दिलं नाही. मग ती म्हणाली, "आणि नवीन धडा सुरू करण्याआधी आदल्या दिवशीच्या धड्याची उळजणी करा."

पातेलं हातातून सुटलं.

मी हात पुसून ते वाक्य पुन्हा लावलं. उळजणी. उजळणी नाही. पाढ्यांची उळजणी, शुद्धलेखनाची उळजणी, परीक्षेच्या आदल्या दिवशी "आई, माझी उळजणी घे." बाईंनी तुझ्याकडून तो शब्द पानभर लिहून घेतला होता. लिहायला अगदी बरोबर आणि तोंडाने उलटा. शेवटी आपल्याच तोंडी तो बसला. तुझे बाबा कारखान्यात कोणाला तरी म्हणाले, "कामाची उळजणी करा," तर तिथे लोक हसले. जगात तीन माणसं हा शब्द असा म्हणतात आणि त्यातली दोन या घरात आहेत.

म्हणजे तुला आवाजाचं काम मिळालं. मिळालं ते बरं झालं.

मला काही नको. एक ओळ टाक. ओळ जड जात असेल तर नुसता तो शब्द लिही आणि पाठवून दे.

आई


२१ जानेवारी

बोबडे,

उत्तर नाही. कंपनी मोठी असेल, पत्र टेबलावरून टेबलावर फिरत असेल. आमच्याकडे वरच्या मजल्यावरून खाली चिठ्ठी यायला आठवडा जातो, तर हे काय.

अभ्यास चाललाय. तू सांगतेस तसाच करते आहे. जागा ठरवली. शिवणाच्या मशीनचं झाकण लावलं की त्याचं छान टेबल होतं. वेळ संध्याकाळची, कामावरून आले की चहा आणि मग बसायचं. पहिले काही दिवस बसले की झोप यायची. मग तू म्हणालीस की फोनमधले बाकीचे आवाज बंद करा, समोर एकच गोष्ट ठेवा. आवाज बंद केले. माझ्याकडे असा कोणाचा फोन येतो म्हणा, पण केले.

गंमत अशी, की हे सगळं मीच तुला सांगत होते. एका जागी बस. आधी एक संपव. रेडिओ बंद कर. तेव्हा तू तोंड वेंगाडायचीस आणि आता तेच मला सांगतेस, तेही "कृपया" लावून.

आमच्याकडे एक बारकी आहे. अंगाने दाराएवढी, म्हणून बारकी. ती व्हिडिओ लावते, फोन कपाटात ठेवते आणि चहाला जाते. "मावशी, व्हिडिओ आपला चालत राहतो, हिरवी खूण आपोआप येते. शिकायला काय लहान आहोत का?" मधेच पडद्यावर विचारतात, "तुम्ही अजून इथे आहात का?" तेव्हा कोणाला तरी कपाटापर्यंत पळवून ती "हो" दाबायला लावते. मला विचारलं की मी स्वतःच दाबते. आहे बाई, इथेच आहे. आणखी कुठे जाणार.

चौथ्या धड्यात तू म्हणालीस, शिकलेलं दुसऱ्याला समजावून सांगा म्हणजे ते पक्कं होतं. इथे दुसरा म्हणजे तुझे बाबा. त्यांचे कान आता जवळजवळ गेलेत. पत्रे ठोकणाऱ्या यंत्राशेजारी आयुष्य काढलं, त्याचं हे बक्षीस. मशीन लावतात कानाला, पण तेही रागावल्यासारखं शिट्टी मारतं. त्यांना समजवायचं म्हणजे ओरडायचं. परवा मी ओरडून सांगत होते, की बिजागरी असलेलं हत्यार उघडूनच धुवायचं, मिटलेलं धुतलं तर सांध्यात घाण राहते आणि मग कितीही वाफ द्या, उपयोग नाही. ते म्हणाले, "मला काय सांगतेस, मी काय ऑपरेशन करतोय?" पण शेजारची बाई सकाळी जिन्यात भेटली आणि म्हणाली, "काकू, त्या कात्रीचं कळलं मला, पण पट्टीचं पुन्हा सांगा."

पट्टी म्हणजे बांधलेल्या गठ्ठ्यावर चिकटवतो ती. वाफ लागली की तिच्यावर काळे पट्टे उमटतात. नाही उमटले तर गठ्ठा परत.

मी चाचणीत चुकते. चुकले की तू म्हणतेस, "काही हरकत नाही, पुन्हा प्रयत्न करूया." हे तू कुठे शिकलीस? या घरात तर नाही.

बाबांना अजून तुझ्याबद्दल बोलले नाही. आधी तुझं उत्तर येऊ दे. उगीच त्यांच्या मनाला पाय फुटतील आणि मग त्यांना आवरणार कोण. तुझ्या शाळेतल्या नोकरीवरून ते जे बोलले, ते तूही ऐकलंस आणि जिन्यातल्या लोकांनीही. पक्की नोकरी सोडून बोलण्याचे पैसे घ्यायला निघाली म्हणाले. या घरात यायचं तर तोंड मिटून यायचं म्हणाले. रागावलेला माणूस बोलून जातो. तू मात्र ते अक्षर न् अक्षर पाळलंस. मी आत होते. गॅसवर काहीतरी होतं. काय होतं ते आता आठवत नाही.

पत्र मिळालं तर कळव.

आई


६ फेब्रुवारी

बोबडे,

बाबांना कळलं.

मी सांगितलं नाही. त्यांनी धरलं. ऐकू येत नाही म्हणून माणसाला दिसत नाही असं थोडंच आहे. शनिवारी मी बसले होते. ते समोर येऊन उभे राहिले. "तू हसतेस कशाला?"

"कुठे हसते?"

"रोज हसतेस. त्या एका ठिकाणी. हत्यारं धुण्यात हसण्यासारखं काय आहे?"

मला खोटं सुचलं नाही. इन्चार्ज सिस्टरने तिचे जुने मोठे हेडफोन मला दिलेत. ते मी त्यांच्या कानांवर चढवले. आधी कानातलं मशीन काढायला लावलं, नाहीतर शिट्टी वाजते. आवाज पूर्ण वाढवला आणि पहिला धडा लावला.

ते उभेच होते. चेहरा बँकेत पासबुकाच्या रांगेत असतो तसा. मग धडा त्या शब्दापाशी आला आणि त्यांनी एका हाताने हेडफोन कानावर दाबून धरला. धडा संपला. मग म्हणाले, "पुन्हा लाव."

पुन्हा लावला.

"स्पष्ट बोलते आता," ते म्हणाले. "तेव्हा पुटपुटायची."

"तुमच्यासमोर पुटपुटायची. माझ्याशी नीट बोलायची."

"दम घेते बघ, वाक्याच्या आधी. लहानपणी कविता म्हणताना घ्यायची, तसा."

माझ्या ते लक्षातच आलं नव्हतं. त्यांनी सांगितल्यावर ऐकलं तर खरंच घेतेस. "आता" म्हणण्याआधी छोटासा श्वास. ज्याला दाराची बेल ऐकू येत नाही, त्याला तो ऐकू आला.

आता ऐक पुढचं. दुसऱ्या दिवशी मी कामावरून आले तर शिवणाच्या मशीनचं झाकण पुसून ठेवलेलं, दोन खुर्च्या लावलेल्या. दाढी केलेली. इस्त्रीचा शर्ट. मी विचारलं, "कुठे बाहेर निघालात?" तर म्हणाले, "पाच वाजले. तिची वेळ झाली."

"तिची नाही, माझी वेळ आहे. परीक्षा मला आहे."

"तू दे की परीक्षा. मी कुठे नको म्हणतोय."

तेव्हापासून रोज हे असं. एक हेडफोन, दोन माणसं. आधी ते ऐकतात, मग मी. त्यांना अर्धं कळत नाही. चाचणी आली की मात्र पुढे सरसावतात, आणि त्यांची उत्तरं माझ्यापेक्षा जास्त बरोबर येतात. मी वैतागून विचारलं, की तुम्हाला ऐकू येत नाही, हत्यारं तुम्ही बघितलेली नाहीत, मग कळतं कसं? म्हणाले, "सगळ्यात लांब उत्तर निवडायचं. चुकीचं उत्तर लिहायला साहेब लोक एवढे कष्ट घेत नाहीत." मी करून पाहिलं. खरं आहे. तू लिहितेस का गं हे प्रश्न, की नुसते वाचतेस?

काल उठताना म्हणाले, "उत्तर आलं का तिचं?"

मी पत्रं लिहिते हे त्यांना सांगितलं नव्हतं. पाकिटं कमी झालेली त्यांनी पाहिली असणार.

"नाही."

"पत्ता बरोबर घातलास?"

"कंपनीचा घातला."

"पुन्हा लिहिशील तेव्हा माझं एक लिही."

"काय लिहू?"

त्यांनी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. मग म्हणाले, "लिही, बोलत ये म्हणावं." आणि आत जाऊन धुतलेला कप पुन्हा धुवायला लागले.

जसं म्हणाले तसं लिहिलंय. मी काही घातलं नाही, गाळलं नाही.

तू खात्रीने हे वाचावंस म्हणून या वेळी पाकिटात वेगळी चिठ्ठी घातली आहे, ती वाचणाऱ्या माणसासाठी आहे. त्यात लिहिलंय, की पहिल्या धड्यात उजळणीच्या जागी जिने उळजणी म्हटलंय, ती आमची मुलगी, हे पत्र तिचं. कोणता धडा, कितव्या मिनिटाला, सगळं लिहून दिलंय. आता चुकायला नको.

आई


२७ फेब्रुवारी

बोबडे,

कंपनीचं उत्तर आलं.

मी कामावर होते. पाकीट बाबांनी घेतलं. फोडलं नाही. मी आले तेव्हा ते दारातच उभे होते, पाकीट दोन्ही हातांत धरून, त्यावरचं कंपनीचं चिन्ह माझ्याकडे करून. "तू वाच," म्हणाले. "तुझ्या नावावर आहे."

मी खिडकीशी जाऊन वाचलं. छापील होतं. त्यात लिहिलं होतं, आपण पहिल्या धड्यातील चुकीचा शब्द निदर्शनास आणून दिल्याबद्दल आभारी आहोत, आवश्यक ती दुरुस्ती करण्यात आली आहे. आपल्यासारख्या जागरूक विद्यार्थ्यांमुळे आमचे धडे अधिक चांगले होतात. खाली मदतीसाठी फोन नंबर.

मागे उभे होते ते. "काय म्हणते?"

मी म्हटलं, "पत्र पोचलं म्हणतात."

"पोचलं ना?"

"पोचलं."

"मग देतील ते तिला," ते म्हणाले, आणि खुर्च्या लावायला गेले.

त्या संध्याकाळी मी डोकं दुखतंय म्हणून सांगितलं आणि रोज आधी लावतो तो पहिला धडा सोडून पुढचाच लावला. पहिल्या धड्याला हात लावायची हिंमत झाली नाही. दुसऱ्या दिवशी तळघरात, जेवणाच्या सुट्टीत, गठ्ठ्यांच्या मांडणीमागे बसून लावला. रोज एकच वेळ. एकच जागा. थोडं थोडं करा पण रोज करा. आणि मग उजळणी. स्वच्छ, शाळेतल्या बाईंनी म्हणावा तसा. वाक्य तेच, चाल तीच, आधीचा तो श्वासही तोच. मधला शब्द तेवढा काढून दुसरा घातलेला, आणि शिवण कुठे दिसत नाही.

मग मी तो नंबर लावला. एक मुलगी बोलली. चांगली होती, घाई केली नाही तिने. मी विचारलं, की शब्द बदलून घेतलात म्हणजे त्या ताई येऊन गेल्या असतील, त्यांना माझं पत्र दिलंत का?

ती म्हणाली, "काकू, आमच्याकडे धडे कोणी वाचत नाही. आवाज संगणक तयार करतो."

मी म्हटलं, आवाज बाईचा आहे.

"हो, बाईसारखा ठेवलाय. पुरुषाचाही आहे आमच्याकडे, पण लोकांना हा आवडतो."

"तो श्वास घेतो."

"श्वाससुद्धा घालता येतो काकू. कमी-जास्त करता येतो."

मग मी त्या शब्दाचं विचारलं. तिने तिच्याकडे काहीतरी उघडून बघितलं आणि म्हणाली, की ज्याने धडा टाइप केला त्याच्याकडून दोन अक्षरं इकडची तिकडे पडली होती. समोर जे लिहिलेलं असतं ते यंत्र वाचतं. तुम्ही कळवलंत म्हणून सापडलं, इतकी माणसं कोर्स करून गेली पण कोणीच सांगितलं नव्हतं. पहिला धडा सगळ्या कोर्सना एकच असतो, त्यामुळे एका दुरुस्तीत सगळीकडचा सुधारला. हे ती मला बरं वाटावं म्हणून सांगत होती.

"पण संगणक तरी कोणाच्या आवाजावरून शिकला असेल ना?" मी विचारलं.

"असेल, काकू. पुष्कळ जणींचे मिळून असतात. त्यांची नावं आमच्यापर्यंत येत नाहीत. ते काम दुसरीकडेच होतं."

पुष्कळ जणी. मी तेवढं धरून फोन ठेवला. दिवसभर गठ्ठे बांधताना मनाशी घोळवत होते, की त्या पुष्कळ जणींत एक तू असशील. कुठल्याशा खोलीत बसून कागदावरची वाक्यं वाचली असशील, पैसे घेतले असशील आणि निघून गेली असशील. नसशील तर नसशीलही. आणि असलीस तरी तो शब्द काही तू म्हटला नव्हतास. तो कोणाच्या तरी बोटांनी म्हटला होता.

मी काय केलं ते आता माझ्या लक्षात येतंय. ती चूक होती तशी राहिली असती तर मी ती रोज ऐकली असती. मीच धडा, मिनिट, सगळं लिहून दिलं आणि वर लिहिलं, चुकायला नको.

बाबांना सांगितलं नाही. त्या संध्याकाळी सांगायचं ठरवलं होतं. ते दाढी करत होते. मान वर करून, आरशाला नाक लावून, हनुवटीखालचं नीट निघालंय का ते हाताने चाचपत होते. मी चहा ठेवला.

आई


१८ मार्च

बोबडे,

हे टाकायला पत्ता नाही. कंपनीकडे पाठवलं तर यातही एखादी चूक काढून दुरुस्त करतील. तरी पाच वाजता हातात काहीतरी धरायची सवय लागली आहे, म्हणून लिहिते.

परीक्षा झाली. पास झाले, बारकीही झाली. तिला बाबांची युक्ती सांगितली होती, सगळ्यात लांब उत्तर. इन्चार्ज सिस्टरने प्रमाणपत्रं छापून आणली आणि सगळ्यांना पेढा देते तशी वाटली. माझे गुण विभागात सगळ्यात जास्त आले. "मावशी, या वयात एवढा अभ्यास. गुपित काय?" मी म्हटलं, एकच वेळ, एकच जागा. बारकी म्हणाली, "झालं, आता मावशी आपल्याला शिकवणार."

नवीन यंत्र चांगलं आहे. गठ्ठे बाहेर येतात ते पट्ट्यांवर काळं उमटूनच येतात. एकही परत जात नाही.

घरी येऊन प्रमाणपत्र दाखवलं. बाबांनी चष्मा लावून वाचलं, मागची बाजूही बघितली. "ह्याच्यात तिचं नाव कुठे नाही."

"शिकवणाऱ्यांचं नाव घालत नाहीत."

"घालायला पाहिजे." मग म्हणाले, "परीक्षा झाली, म्हणजे आता?"

"आता संपलं. पास झाले की संपतं."

त्यांनी चष्मा काढून ठेवला. मला वाटलं, एका परीने सुटलो. उद्यापासून बसायचं नाही, लावायचं नाही, त्यांच्याकडे बघत बसायचं नाही. हळूहळू विसरतील. विसरणार नाहीत, पण विचारायचं कमी करतील. माणसं करतात.

आज कामावरून आले. झाकण पुसलेलं होतं. दोन खुर्च्या. ते आपल्या खुर्चीत, इस्त्रीचा शर्ट घालून, हेडफोन मांडीवर घेऊन बसले होते.

"अहो, संपला ना कोर्स."

"पुढचा लाव."

"पुढचा कुठला? माझ्या कामाचा एवढाच होता."

"कामाचा कशाला पाहिजे? बाकीचे असतील ना तिचे."

असतात. हॉस्पिटलने वर्षभरासाठी सगळेच घेऊन ठेवलेत. मी यादी उघडली. आग लागली तर काय करावे. कार्यालयातील पत्रव्यवहार. लिफ्टची देखभाल. गोदामात माल कसा रचावा. बोट वर सरकवत गेले तरी यादी संपेना, आणि प्रत्येकाखाली धडा सुरू करायचं तेच लाल बटण.

त्या वेळी सांगायला हवं होतं. वाक्य तोंडाशी आलं होतं. पण त्यांना सांगायचं म्हणजे ओरडून सांगावं लागतं. तुमच्या मुलीचा आवाज नाही हा, कोणाचाच नाही, असं ओरडायचं, आणि त्यांनी कानामागे हात धरून "काय?" म्हणायचं, आणि मग मी ते दुसऱ्यांदा ओरडायचं. शेजारच्या बाईला पहिल्यांदाच ऐकू गेलं असतं.

"कशाचा लावू?" मी विचारलं.

"कशाचाही."

मी गोदामाचा उघडला आणि, कंपनीचं पत्र आल्यापासून करत आले तसा, पहिला धडा ओलांडून दुसऱ्यावर गेले. त्यांनी माझा हात धरला. "पहिल्यापासून."

"पहिला आपला झालाय. सगळीकडे तोच असतो."

"असू दे. पहिल्यापासून लाव."

लावला. हेडफोन त्यांनी दोन्ही हातांनी दाबून धरले आणि डोळे मिटले. मला ऐकू येत नव्हतं, पण कुठवर आलंय ते पडद्यावर दिसत होतं. वेळ झाली, जागा झाली, थोडं थोडं पण रोज झालं. मग मी पडदा सोडून त्यांच्या चेहऱ्याकडे बघायला लागले. ती जागा आली आणि गेली. मग त्यांनी एक बोट वर केलं, डोळे न उघडता, आणि स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत नाही म्हणून घरभर ऐकू जाईल असं म्हणाले,

"म्हणाली बघ."

मी त्यांच्या दंडाला हात लावला, म्हणजे त्यांनी डोळे उघडले, आणि मी मान हलवली. हो, म्हणाली.

मग दुसरा धडा आपोआप सुरू झाला. जड माल खाली ठेवायचा, हलका वर. त्यांनी हेडफोन काढून मला दिले, कारण पाळी माझी होती.

आई